अंबादास मेस्त्री आणि तिसरा गिअर

अंबादास मेस्त्री दुकानाची पायरी चढताना दिसले की आमचे शेठ उठून मागच्या गोदामात जायचे. जाता जाता मला म्हणायचे, "शिवा, तूच बघ रे बाबा." मेस्त्री काउंटरपाशी यायचे, खिशातून कानस काढायचे आणि मी पुढे ठेवलेल्या नव्याकोऱ्या गिअरच्या दातावर ती फिरवायचे. गिऱ्हाइकांच्या देखत. मुद्दाम. कानस दातावरून नुसती घसरली, तर पोलादाला पाणी नीट दिलेलं आहे. कानशीनं दात खाल्ला आणि कीस पडला, तर माल मऊ. कीस पडला की मेस्त्री तो बोटावर घ्यायचे, फुंकर मारून माझ्या शर्टावर उडवायचे आणि विचारायचे, "हे काय बे, गिअर हाय का खोबरं?"

काउंटरवर उभी असलेली माणसं हसायची. मेस्त्री हसत नसत. ते खरोखरच चिडलेले असायचे. बावीस वर्षं मी त्या दुकानात काउंटरला काढली, आणि त्यातली निदान पंधरा वर्षं मी त्यांना पाहिलं. निवांत असे ते मला क्वचितच दिसले.

ठेंगणे, काळेसावळे, जाड काचांचा चष्मा, आणि अंगात कायम पांढरा सदरा. गिअरबॉक्सचं काम करणाऱ्या माणसानं पांढरा सदरा घालावा, हेच अजब. पण काम नीट झालं तर अंगावर तेल उडायचं कारणच नाही, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी सदऱ्यावर डाग दिसला, तर त्या दिवशी त्यांना हटकायची सोय नसे. घरी तेलुगू, कामावर मराठी, आणि राग फारच वर चढला की दखनी. आमच्या घरी कानडी, त्यामुळे अधूनमधून माझ्यासाठी ते एखादी कानडी शिवीही राखून ठेवायचे.

त्यांचे वडील मागावर बसायचे. हे स्वतः एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये मागांचे दाते कापायला लागले, ते गिरणी बंद होईपर्यंत. त्यानंतर पत्र्याची शेड टाकली आणि जुन्या मोटारींचे गिअरबॉक्स दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. कंपनीनं जी गाडी बनवायची केव्हाच थांबवली, तीच गाडी घ्यायची. त्यातही फक्त गिअरबॉक्स. कुणी इंजिनाचं विचारलं तर म्हणायचे, "इंजिन मला कळत न्हाय. पुढच्या गल्लीत जावा." कळत होतं, पण गिअरबॉक्सवरचं लक्ष त्यांना दुसरीकडे जाऊ द्यायचं नव्हतं.

शेडमध्ये ते एक विरलेली चादर अंथरायचे आणि खोललेला गिअरबॉक्स तिच्यावर मांडायचे. जिथून निघाला त्याच क्रमानं, शाफ्ट, गिअर, पितळी रिंगा, वॉशर. ती चादर कुणी ओलांडायची नाही. एकदा एक हॉटेलवाला आला होता. त्याच्याकडे झकपक रंगवलेली जुनी गाडी होती, ती तो लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायचा. फोनवर बोलत बोलत बुटासकट चादर ओलांडून तो पलीकडे गेला आणि म्हणाला, "मेस्त्री, बाजारात नवे गिअर मिळतात की. टाका आणि संध्याकाळी द्या. परवा तारीख आहे."

मेस्त्रींनी चादरीची चारी टोकं उचलली, सगळं गाठोडं गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "ढकलत न्या. वरातीत तसंबी हळूच चालतंय की."

तो माणूस ओरडला, मी कोण आहे माहीत आहे का वगैरे बोलला. मेस्त्री दुसऱ्या गाडीखाली शिरले होते.

जुन्या मालावर त्यांचा राग नव्हता. भंगारात जाऊन ते तासन्‌तास बसायचे, चाळीस-पन्नास वर्षांचा झिजलेला गिअर घेऊन यायचे, रॉकेलनं धुऊन उन्हात धरून बघायचे. "जुन्या गिअरला झीज असती," ते म्हणायचे, "दगा नसतो." राग होता तो जुन्या गाडीसाठी म्हणून नव्यानं बनणाऱ्या नकलेवर. खोका गुळगुळीत, वर सोनेरी अक्षरं, आत तेलकट कागदात गुंडाळलेला चकचकीत गिअर. दात मोजले तर बरोबर, माप लावलं तर बरोबर. गाडीला बसायचाही बरोबर. आणि दोन महिन्यांत रडायला लागायचा. मेस्त्री म्हणायचे, "डबा सुंदर, माल बंदर." हे त्यांचं वाक्य आमच्या सगळ्या बाजारात झालं होतं. आमच्या शेठना ते फार लागायचं, कारण त्या खोक्यांची सोलापूरची एजन्सी आमच्याकडे होती.

एजन्सी मिळाली त्या वर्षी कंपनीनं मेकॅनिक लोकांचा मेळावा घेतला. एका मंगल कार्यालयात जेवण, प्रत्येकाला भिंतीवरचं घड्याळ आणि पुण्याहून आलेल्या माणसाचं भाषण. जिल्हाभरातून मेकॅनिक आले होते. मेस्त्रींना बोलावू नकोस असं शेठनी मला बजावलं होतं. मी बोलावलं नाही. ते आले.

पुण्याचा माणूस टाय लावून सांगत होता की, जुन्या गाड्या हा आपला वारसा आहे आणि आमच्या कंपनीचा प्रत्येक भाग हुबेहूब मूळ भागासारखा आहे. मेस्त्री तिसऱ्या रांगेतून उठले, टेबलाजवळ गेले आणि मांडून ठेवलेल्या गिअरपैकी एक उचलला.

"हुबेहूब म्हंजे दिसायला का?"

"सगळ्याच बाबतीत, काका."

"गिअरचा दात वरनं कडक लागतो आन्‌ आतनं चिवट. वरनं झिजू नये, आतनं मोडू नये. हाय का तसं?"

"अर्थात."

मेस्त्रींनी खिशातून छोटी हातोडी काढली. घरूनच घेऊन आले होते. गिअर फरशीवर उभा धरून त्यांनी एका दातावर एकच ठोका दिला. फार जोराचा नव्हता. दात तुटून खुर्च्यांखालून टणटणत गेला.

"कडक भाकरी हाय ही," मेस्त्री म्हणाले. "सोलापुरात कडक भाकरी मिळती ओ आमाला. तुमी पुण्यावरनं कशाला आणली?"

सगळं कार्यालय हसलं. पुण्याचा माणूसही कसंनुसं हसला आणि म्हणाला, "काका, गिअरला हातोडी मारायची नसते."

"मग खड्डा काय गाडीला इचारून येतो?"

त्यानंतर जेवणं झाली. मेकॅनिक लोक पंगतीत मेस्त्रींचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगून हसत होते, आणि जाताना प्रत्येकानं घड्याळ घेतलं. पुढच्या आठवड्यापासून त्यातल्या निम्म्यांनी आमच्याकडून तेच गिअर न्यायला सुरुवात केली. स्वस्त होते, लगेच मिळत होते. मेस्त्री दुकानात आले तेव्हा कंपनीबद्दल काही बोलले नाहीत. त्या मेकॅनिकांबद्दल बोलले. "त्याला अक्कल न्हाय म्हणून इकतो. ह्यांना अक्कल हाय आन्‌ बसवत्यात," ते म्हणाले, आणि काउंटरच्या काचेवर अशी मूठ आदळली की काचेला कोपऱ्यापासून चीर गेली.

माने डॉक्टर हे त्यांचं एकच गिऱ्हाईक असं होतं, ज्यांच्यावर ते चिडत नसत. जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून केव्हाच निवृत्त झालेले, जुळे सोलापूर भागात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांच्याकडे गोल दिव्यांची, चार दारांची जुनी गाडी होती. ती घेऊन ते दक्षिणेकडच्या कोरड्या गावांतून मेंढपाळांच्या वाड्यांवर फिरायचे. बोलावणं आलं तर जायचे आणि नाही आलं तरी जायचे. माझ्या गावाकडे, वळसंगच्या बाजूला, लोक त्यांच्या उजव्या हाताबद्दल बोलायचे. मेंढी अडली, पिल्लू आडवं आलं, तर डॉक्टर सदरा काढून रानात आडवे व्हायचे आणि हात आत घालून पिल्लू फिरवायचे. बारीक, लांब बोटांचा हात होता. "डाक्टरचा हात लागला की मेंढी निवांत व्हती," असं आमच्याकडचे धनगर सांगायचे.

त्यांच्या गाडीचा तिसरा गिअर गेला. दातांचे कोपरे उडाले होते. मेस्त्रींनी गाडी उभी करून घेतली आणि जुना गिअर शोधायला लागले. सोलापूरचं भंगार झालं, लातूरला माणूस पाठवून झाला. दहा-बारा दिवस गेले. त्याच सुमारास मेंढरांत देवीची साथ आली. लशीची बर्फपेटी मांडीवर घेऊन डॉक्टर चार दिवस रिक्षानं फिरले, पण त्या आडरानात रिक्षावाले यायला तयार होईनात. पाचव्या दिवशी ते मेस्त्रींना घेऊन आमच्या दुकानात आले. सकाळची अकराची वेळ असेल.

"अंबादास, बाजारातला टाक," डॉक्टर म्हणाले.

"न्हाय टाकणार."

"मेंढ्या मरतायत रे. तुझा जुना गिअर मिळेपर्यंत एक वाडा शिल्लक राहणार नाही."

मेस्त्रींनी खिशातून कानस काढली. मग मला म्हणाले, "शिवा, जितके हायत तितके काढ."

माझ्याकडे सात होते. सातही खोकी फोडून त्यांनी कानस लावली. तीन सरळ बाजूला फेकले. उरलेल्या चारांतून एक निवडायला अर्धा तास लावला. कानाशी धरून टिचकी मारली, उन्हात नेला, परत आणला. शेवटी तो काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"वरचं मला कानस सांगती," ते म्हणाले. "आतलं मला तूच सांगणार. ह्या लॉटचा एखादा मोडून परत आलाय का?"

आले होते. दोन. त्यातला एक वेळापूरकडच्या एका जीपवाल्याचा, महिन्यापूर्वीच. दोन दात बुडापासून तुटलेले. मीच पावतीवर सही करून परत घेतला होता. शेठ गोदामाच्या दारात उभे होते. त्यांनी मला काही खूण केली नाही, तशी गरजही नव्हती; परत आलेल्या मालाचं बाहेर बोलायचं नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"एकबी न्हाय मेस्त्री," मी म्हणालो.

त्यांनी गिअर उचलला. डॉक्टरांना म्हणाले, "चाळीसच्या वर न्यायची न्हाय. पंधरा दिवसांनी परत आणायची, मी जुना बसवतो." डॉक्टरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी रस्त्यावर होती.

नवव्या दिवशी वळसंगच्या अलीकडे तिसऱ्या गिअरचा दात मोडला. मोडलेला तुकडा शेजारच्या गिअरच्या दातांत अडकला आणि गिअरबॉक्स जागच्या जागी जाम झाला. चालत्या गाडीची मागची चाकं एकदम थांबली. गाडी घसरत कडेच्या खड्ड्यात गेली आणि उजव्या अंगावर पडली. डॉक्टरांचा हात खिडकीवर होता.

रानातल्या मेंढपाळांनी गाडी उचलली. माझा चुलतभाऊ त्यांच्यात होता, त्यानं मला फोन केला. डॉक्टर शुद्धीवर होते, म्हणाला. लशीची पेटी सावलीत ठेवा, एवढंच सांगत होते.

हात वाचला म्हणतात तसा तो वाचला. मनगटाखाली तो होता, पण बोटं मिटत नव्हती आणि त्यांना काही कळत नव्हतं. गरम, गार, ओलं, काहीच नाही.

चार दिवसांनी मेस्त्री दुकानात आले. मला वाटलं होतं, काच फोडतील, शिव्या देतील. त्यांनी मोडलेला गिअर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बघ."

मोडलेल्या जागी पोलाद साखरेच्या खड्यांसारखं भरड होतं.

"भट्टीत जाळलाय," मेस्त्री म्हणाले. "जास्ती तापवला. वरनं कडक झाला, आतनं मेला. कानशीला कसा कळणार?"

शेठ आज आत गेले नाहीत. ते म्हणाले, "मेस्त्री, फिटिंगमध्ये काही राहिलं असेल का? तुमचं वय झालं आता."

मेस्त्री वळले. त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, पण तोंडून शब्द येईना. तेलुगू, मराठी, दखनी, कशातलाच नाही. गिअर रुमालात गुंडाळून ते निघून गेले.

तिथून ते थेट कंपनीच्या कारखान्यात गेले. एका औद्योगिक वसाहतीत शेड होती, तिथे त्यांना दोन तास फाटकावर बसवून ठेवलं. नंतर टायवालाच बाहेर आला. यांना ओळखलं त्यानं. महिन्याभरानं त्यांना टाइप केलेलं पत्र मिळालं की, बिघाड अकुशल जोडणीमुळे झाला आहे. अकुशल. ते पत्र मेस्त्रींनी शेडच्या पत्र्यावर खिळ्यानं ठोकलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावलं. वाचणारा हळहळला की त्याच्यावरच खेकसायचे, "तोंड कशाला वाकडं करताय? तुमच्याबी गाडीत तोच हाय."

त्यानंतर ते वेळापूरला गेले. असा गिअर आणखी कुणाचा मोडला, हे जिल्ह्यातल्या एकेका मेकॅनिकला विचारत विचारत त्या जीपवाल्यापर्यंत पोचले. परत आले ते माझ्या घरी. मी तेव्हा बाळीवेशीत खोली करून राहत होतो. रविवार होता. बायकोनं पाणी दिलं, त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

"वेळापूरचा गिअर तू परत घेतला. पावतीवर तुझी सही हाय."

मी खाली बघत होतो.

"मी तुला इचारलं हुतं का न्हाय?"

"व्हय."

"त्या टायवाल्याला मी काय म्हणू? तो चोरच हाय. शेठ बी चोर. पण त्यांना मी इचारलं न्हवतं बे. तुला इचारलं हुतं."

हे ते ओरडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांना हळू बोलताना ऐकलं नव्हतं. बायको आतल्या दाराशी उभी होती, तिनं ते सगळं ऐकलं. ते गेल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "खरं हाय का हे?"

दोन दिवस मी दुकानात गेलो, काउंटरला उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी मी सगळं कागदावर लिहिलं. कुठले दोन गिअर, कधी परत आले, कुणी घेतले, मला काय सांगितलं होतं, मी काय बोललो. खाली सही केली आणि शेडवर नेऊन दिला. मेस्त्रींनी तो कागद उभ्यानं वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि कामाला लागले. बस म्हणाले नाहीत. जा म्हणाले नाहीत.

पुढे मेस्त्रींनी तो कागद ग्राहक मंचापुढे ठेवला. त्यामुळे शेठनी मला काढलं, आणि कंपनीला तो सगळा लॉट बाजारातून उचलावा लागला. हे ऐकून माझ्या ओळखीचे लोक म्हणतात, बघ, शेवटी झालं की चांगलं. काही झालं नाही. सहा महिन्यांत तोच माल आला. नाव वेगळं, खोक्याचा रंग वेगळा, सोनेरीऐवजी चंदेरी अक्षरं. आजही मिळतो. कुणालाही मिळेल, फोनवरून मागवला तर घरपोच येतो. एका माणसाचा हात गेला, आणि त्यांनी खोका बदलला.

मेस्त्रींनी पुढे बाजारातला एकही गिअर बसवला नाही. गिरणीतलं दाते कापायचं एक जुनं मशीन त्यांना कुठूनतरी मिळालं. त्यावर ते स्वतः गिअर कापायचे. पाणी द्यायला ओळखीच्या भट्टीवर न्यायचे आणि भट्टीवाल्याच्या उरावर बसून राहायचे. एका गिअरला दोन-दोन महिने लागायचे. गिऱ्हाइकं थांबत नव्हती, निघून जायची. मेस्त्री जाणाऱ्याच्या मागे रस्त्यापर्यंत येऊन त्याला सुनवायचे. हे मला लोकांकडून कळायचं. मी शेडकडे जायचं धाडस केलं नाही.

मी वळसंगला परत आलो, ट्रॅक्टरच्या सामानाचं लहानसं दुकान टाकलं. गेल्या हिवाळ्यात एकदा सकाळी मी शटर उघडत होतो. सोलापूरकडून गोल दिव्यांची गाडी येताना दिसली. उजव्या बाजूची दारं नवीन रंगवलेली, बाकीचा रंग जुनाच. स्टिअरिंगवर मेस्त्री होते, पांढऱ्या सदऱ्यात. शेजारी माने डॉक्टर, मांडीवर पेटी, तिच्यावर डावा हात. उजवा शालीत होता.

माझ्या दुकानापुढे गतिरोधक आहे. मेस्त्रींनी वेग कमी केला. काच खाली होती. ते डॉक्टरांना तावातावानं काहीतरी सांगत होते, बहुतेक पुढे गेलेल्या ट्रकवाल्याबद्दल, आणि डॉक्टर हसत होते. मी शटर तसंच अर्धं सोडून पुढे झालो आणि हात जोडले.

डॉक्टरांनी मला ओळखलं नाही, पण खेड्यातला कुणीतरी नमस्कार करतोय म्हणून डावा हात वर केला. मेस्त्रींनी ओळखलं. बोलता बोलता ते थांबले, माझ्याकडे पुरतं बघितलं, आणि तोंड फिरवून समोर बघायला लागले.

गतिरोधकावरून गाडी अलगद उतरली. मेस्त्रींनी दुसरा टाकला, थोडं पुढे जाऊन तिसरा टाकला. मी कान देऊन उभा होतो. दात दातात बसल्याचा काहीही आवाज आला नाही.